जिल्ह्याचा संघ कसा बघावा

१ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत पुणेरी पलटणनं हरियाणा स्टीलर्सचा २८–२५ असा पराभव करून प्रो कबड्डी लीगचा दहावा हंगाम जिंकला. पलटणचा संघनायक होता अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार. हंगामातला सर्वांत मोलाचा खेळाडूही तोच ठरला. त्याच्यासोबत चढाया करणारा आकाश शिंदे नाशिकचा. त्याआधी ऑक्टोबर २०२३ मध्ये आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघातही हे दोघं होते. देशाला त्यांची नावं दूरदर्शन संचावर कळली. पण ज्यांनी त्यांना गावच्या मंडळात, जिल्ह्याच्या निवड चाचणीत आणि पुणेरी पलटणच्या तरुण फळीत, म्हणजे ‘युवा पलटण’मध्ये खेळताना पाहिलं होतं, त्यांना ती आधीच पाठ होती.

हा लेख त्या आधीच्या काळाबद्दल आहे. खेळाडू अजून कुणाचाच झालेला नसतो, त्याच्या नावापुढे आकडे नसतात आणि तो फक्त आपल्या जिल्ह्याचा असतो, तो हा काळ. हिंगोलीसारख्या जिल्ह्यात राहणाऱ्या कबड्डीप्रेमीला मोठ्या लीगचे सामने घरबसल्या दिसतात. पण जिल्ह्याचा संघ बघण्याची संधी त्यालाच असते, पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाला नसते. हा संघ बघायची एक वेगळी रीत आहे आणि ती शिकता येते.

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव आणि औंढा नागनाथ हे त्याचे पाच तालुके. नवा जिल्हा झाला की जिल्हाधिकारी कार्यालय येतं, जिल्हा परिषद येते, ते सगळ्यांच्या डोळ्यांत भरतं. खेळाच्या दृष्टीनं आणखी एक गोष्ट घडते. जुन्या मोठ्या जिल्ह्याच्या निवडीत ज्यांचा नंबर लागला नसता, अशा मुलांसाठी वेगळा संघ उभा राहतो. सेनगावच्या मुलाला परभणी शहरातल्या आणि जिंतूरच्या मुलांशी एकाच बारा जणांत जागेसाठी झगडावं लागत नाही. राज्य अजिंक्यपद स्पर्धेच्या गटवारीत आपल्या जिल्ह्याचं नाव स्वतंत्र लागतं आणि त्या नावाखाली खेळणाऱ्या मुलांकडे राज्याचे निवड सदस्य बघतात. लहान जिल्ह्याचा संघ पहिल्याच फेरीत हरला तरी त्यातल्या एखाद्या चढाईपटूनं बलाढ्य संघाच्या कोपरारक्षकांना हैराण केलं, तर त्याची नोंद होते.

पायऱ्या कशा आहेत

महाराष्ट्रातल्या कबड्डीची रचना मंडळांवर उभी आहे. जत्रा, शिवजयंती, आंबेडकर जयंती, गणेशोत्सव या निमित्तानं गावोगावी स्पर्धा भरतात. मंडळं बक्षिसासाठी खेळतात आणि मुलं तिथं पहिल्यांदा अनोळखी प्रेक्षकांसमोर उतरतात. त्यापुढची पायरी जिल्हा अजिंक्यपद आणि निवड चाचणी. तिथं मंडळं एकमेकांशी खेळतात, पण जिल्ह्याचा संघ म्हणून विजेतं मंडळ जसंच्या तसं उचलत नाहीत. सगळ्या मंडळांतून खेळाडू निवडतात, त्यांचं सराव शिबिर होतं आणि मग संघ राज्य स्पर्धेला जातो. राज्य स्पर्धेतून महाराष्ट्राचा संघ, तिथून राष्ट्रीय स्पर्धा.

याला समांतर दुसरी वाट शाळेतून जाते. क्रीडा व युवक सेवा संचालनालयाच्या शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा त्यांच्या फेऱ्या. ज्या गावात मंडळ नाही पण शारीरिक शिक्षणाचे सर जिद्दीचे आहेत, तिथल्या मुलांना हीच वाट.

संघटनेच्या स्पर्धांत वयासोबत वजनाचीही अट असते. किशोर गटासाठी १६ वर्षांखालील वय आणि ५५ किलो, कुमार गटासाठी २० वर्षांखालील वय आणि ७० किलो, अशी मर्यादा अनेक वर्षं चालत आली. जिल्ह्याचा संघ बघणाऱ्यानं ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण तरुण खेळाडूंचे अर्धे चढउतार तिच्यातून समजतात. काट्यावर जेमतेम बसणारा, हाडापेरानं मोठा किशोर समोरच्या बारक्या मुलांना ओढत मध्यरेषेपर्यंत नेतो आणि गुण मिळवतो. प्रेक्षक टाळ्या वाजवतात. दोन वर्षांनी तोच कुमार गटात जातो, तेव्हा समोरचे सगळेच त्याच्याएवढे झालेले असतात आणि अंगातल्या जोरावरचा खेळ थांबतो. उलट, किशोर गटात मार खाणारा, पण निसटायला शिकलेला हडकुळा मुलगा पुढे उंच होतो, भरतो आणि आपली चपळाई घेऊनच वर येतो. म्हणून या वयात किती गुण मिळवले याहून ते कसे मिळवले हे अधिक सांगून जातं.

वरची पायरी २६ जुलै २०१४ रोजी प्रो कबड्डी सुरू झाल्यावर बदलली. आधी चांगल्या खेळाडूचं शिखर म्हणजे रेल्वे, पोलीस, बँक किंवा कंपनीच्या संघात नोकरी. आता त्यासोबत लिलाव आला. कोल्हापूर जिल्ह्याच्या चंदगड तालुक्यातला हुंदळेवाडीचा सिद्धार्थ देसाई २०१८ मध्ये यू मुंबाकडून पहिल्यांदा प्रो कबड्डीत उतरला, त्या एका हंगामात त्यानं चढाईत दोनशेवर गुण मिळवले आणि पुढच्या लिलावात तेलुगू टायटन्सनं त्याच्यासाठी १ कोटी ४५ लाख रुपये मोजले. लीगनं १८ ते २२ वयाच्या मुलांसाठी ‘फ्युचर कबड्डी हीरोज’ ही शोधमोहीम काढली आणि लिलावाबाहेरून नवे तरुण खेळाडू घेण्याची सोय संघांना दिली. पुढे युवा कबड्डी सिरीजसारख्या स्पर्धा आल्या, ज्यांत महाराष्ट्रातल्या जिल्ह्यांच्या नावानं तरुणांचे संघ खेळले. शेजारचे नांदेड आणि परभणी त्यांत होते. जिल्हा आणि लीग यांच्यामधलं अंतर त्यामुळे पूर्वीपेक्षा कमी झालं आहे.

एका चॉकलेटच्या गावातली हॉकी

खालच्या फळीच्या संघावर मनापासून प्रेम करण्याची परंपरा बघायची तर उत्तर अमेरिकेतल्या बर्फावरच्या हॉकीकडे बघावं. तिथं मुख्य लीगच्या खाली १९३६ पासून अमेरिकन हॉकी लीग आहे. तिच्यात ३२ संघ आहेत आणि प्रत्येकाचं मुख्य लीगमधल्या एका संघाशी नातं आहे. वरचा संघ आपली तरुण मुलं खाली ठेवतो, घडवतो आणि गरज पडली की बोलावून घेतो. मुख्य लीगमधले बहुतेक सगळे खेळाडू या खालच्या लीगमधून वर गेलेले असतात. सामन्याच्या दिवशी संघात मोठा भाग कमी अनुभवाच्या खेळाडूंचा असलाच पाहिजे, असा तिथं नियमच आहे.

या लीगमधला हर्शी बेअर्स हा संघ पेनसिल्व्हेनियातल्या हर्शी या छोट्या गावाचा. गाव चॉकलेटच्या कारखान्याभोवती वसलेलं, संघ १९३८ पासून या लीगमध्ये खेळणारा. २०२३ आणि २०२४ अशी लागोपाठ दोन विजेतेपदं त्यानं मिळवली. तिथल्या लोकांना पक्कं माहीत असतं की आपला सर्वांत चांगला मुलगा आपल्याकडे राहणार नाही. तो वर जाईल, आणि तो जावा अशीच त्यांची इच्छा असते. तरी ते दरवर्षी येतात आणि नव्या मुलांची नावं शिकतात. हळदीच्या बाजारपेठेसाठी ओळखल्या जाणाऱ्या वसमतला किंवा ज्योतिर्लिंगासाठी ओळखल्या जाणाऱ्या औंढ्याला असा प्रेक्षकवर्ग घडवता येईल. त्याला मोठं स्टेडियम लागत नाही. दरवर्षी त्याच मैदानावर येणारी आणि मुलांना नावानं ओळखणारी माणसं लागतात.

नजर कुठे ठेवायची

कबड्डीत बहुतेकांची नजर चढाई करणाऱ्यावर खिळते. तरुण संघ बघताना ती थोडा वेळ त्याच्या पायांवर ठेवावी. पुरुषांच्या मैदानात मध्यरेषेपासून निदान रेषा ३.७५ मीटरवर आणि तिच्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा. चढाईपटूला ३० सेकंदं मिळतात. कच्चा चढाईपटू निदान रेषेला पाय लावतो न लावतो आणि परततो. किंवा घाईनं कोपऱ्यात घुसतो आणि परत वळायला जागाच ठेवत नाही. तयार होत असलेला चढाईपटू आधी बचावफळीला हलवतो. डावीकडे दोन पावलं जातो, साखळी त्याच्यासोबत सरकते, मग तो अचानक उजवीकडे वळतो आणि साखळीतली जी जोडी उशिरा वळली तिचा हात टिपतो. असा मुलगा सामन्यात चारच गुण मिळवेल, पण त्या चारही गुणांत विचार दिसतो.

बोनसच्या गुणांकडेही लक्ष द्यावं. समोर सहा किंवा सात गडी असतील तरच बोनस मिळतो. एखाद्याचे दहांपैकी सात गुण बोनसचे असतील, तर समोरचे गडी कमी झाल्यावर तो काय करतो हे बघणं भाग आहे. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण मिळवावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. या तिसऱ्या चढाईला कोण उभा राहतो? अनेक जिल्हा संघांत ती एकाच अनुभवी गड्याच्या गळ्यात पडते. प्रशिक्षकानं ती सतरा वर्षांच्या मुलाला दिली, तर त्या मुलाबद्दल प्रशिक्षकाचं मत काय आहे ते तिथंच कळतं.

आता बचावाकडे. कोपऱ्यात उभा असलेला मुलगा बघा. चढाईपटू त्याच्यासमोर पाय पुढे टाकतो, मागे घेतो, पुन्हा टाकतो. नवखा कोपरारक्षक पहिल्याच पायावर झेप घेतो. पाय हवेतच असतो, तो मागे जातो, याच्या हातात काही येत नाही आणि उलट गुण जातो. शिकलेला कोपरारक्षक गुडघे वाकवून, तळवे उघडे ठेवून थांबतो. चढाईपटूचं सगळं वजन पुढच्या पायावर कधी येतं तेवढंच तो बघत असतो. वजन पडलं की तो पाय पटकन मागे जाऊ शकत नाही. त्या क्षणी दोन्ही हातांनी घोटा पकडायचा, छातीशी ओढायचा आणि हनुवटी आत घ्यायची, म्हणजे लाथ तोंडावर बसत नाही. एवढ्यात शेजारचा मध्यरक्षक धडक देऊन चढाईपटूचा तोल घालवतो. ती धडक अर्धा क्षण उशिरा आली तर घोटा कितीही घट्ट पकडलेला असो, चढाईपटू झेप घेऊन मध्यरेषेला हात लावतो. म्हणून पकड फसली की फक्त पकडणाऱ्याला दोष देऊ नये. शेजारचा कुठे होता ते बघावं.

पकडीच्या दर दोन प्रयत्नांत एक यशस्वी होणं प्रो कबड्डीतही चांगली कामगिरी मानतात. तेव्हा जिल्ह्याच्या मुलानं पाच वेळा झडप घालून दोनदा गडी बाद केला, तर तो वाईट खेळला असं नाही. बचावपटू पिकायला वेळ लागतो हेही खरं. चढाईपटू अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी चमकू शकतो, कारण वेग त्या वयात असतोच. कोपऱ्यातला संयम शेकडो पायांसमोर उभं राहून येतो. इराणचा फझल अत्राचली २०१५ मध्ये प्रो कबड्डीत आला आणि हंगामामागून हंगाम खेळत पकडीचे पाचशे गुण गाठणारा पहिला खेळाडू ठरला. निवड चाचणीत एखाद्या चुकीवरून वगळलेल्या कोपरारक्षकाला पुढच्या वर्षी पुन्हा बघायला हवं.

मातीतून मॅटवर

जिल्ह्यातला मोठा प्रश्न जमिनीचा आहे. गावात सामने मातीवर होतात. आपली काळी माती पावसात चिकटते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे मैदान आखायचं तर वेगळी माती आणून, चाळून, पाणी मारून, चोपून बसवावी लागते. मुलं त्यावर अनवाणी खेळतात. मातीवर वळताना पाय थोडा घसरतो आणि शरीर त्या घसरण्याचा हिशेब ठेवायला शिकतं. राज्य पातळीपासून पुढे मॅट आणि बूट. मॅटवर बुटाचा तळ पकड घेतो. वेग वाढतो, पण वळताना पाय जागीच रुतला आणि अंग फिरलं, तर सगळा पीळ घोट्यावर आणि गुडघ्यावर येतो. मातीवरची सवय घेऊन थेट मॅटवर उतरलेला मुलगा म्हणूनच पहिल्या दोन सामन्यांत अडखळतो. त्याची उडी लवकर पडते, सूर मारल्यावर तो घसरत मध्यरेषेपर्यंत जात नाही, मध्येच थांबतो.

जिल्हा संघ राज्य स्पर्धेच्या पहिल्या फेरीत हरला की ‘आपली पोरं कमी पडली’ असं आपण सहज म्हणून जातो. त्यांना शिबिरात मॅटवर किती दिवस मिळाले, हा प्रश्न आधी विचारायला हवा. सरावासाठी एक मॅट कायमची पसरलेली असणं आणि ती पसरून ठेवायला छप्पर असणं, याचा परिणाम बारा मुलांच्या गुडघ्यांवर आणि निकालावर सरळ दिसतो. मैदानाबाहेर उभं राहून मदत करायची असेल, तर वर्गणीतला पैसा आधी इथं जावा. मोठ्या ढालीचा आणि फ्लेक्सचा नंबर त्यानंतर.

मुलं मागे का पडतात

तरुण संघाचा पाठपुरावा करणाऱ्याला एक दुःख सोसावं लागतं. आवडलेला मुलगा पुढच्या वर्षी दिसत नाही. कधी दुखापत असते. पण बरेचदा कारण घरातलं असतं. दिवाळीनंतर घर ऊसतोडीला निघतं आणि स्पर्धांचा भर हिवाळ्यातच असतो. हळद काढणं, उकडणं, वाळवणं ही कामं उन्हाळा लागता लागता येतात आणि घरातला धडधाकट मुलगा शेतावर लागतो. बारावीनंतर कुणी पुण्याला कंपनीत जातो. कबड्डीला खर्च कमी, हे अर्धंच खरं आहे. दूध, अंडी, प्रवास, बूट आणि सरावाचा रिकामा वेळ हे सगळं कुणीतरी पुरवावं लागतं.

याला उत्तर म्हणून शासनाच्या काही सोयी आहेत आणि त्या प्रत्येक पालकाला माहीत असाव्यात. दहावी-बारावीच्या परीक्षेत पात्र खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात. राज्याच्या शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. दोन्हींसाठी सहभागाची आणि प्रावीण्याची प्रमाणपत्रं लागतात, ती कोणत्या स्पर्धेची चालतात याचे नियम असतात आणि प्रमाणपत्रांची पडताळणी होते. कित्येक मुलं खेळलेली असतात पण कागद सांभाळलेला नसतो. मंडळानं प्रत्येक खेळाडूची एक फाइल ठेवली, तर त्या मुलाचं पोलीस भरतीच्या वेळी भलं होईल. आईवडिलांना खेळात भविष्य दिसलं की ते मुलाला सरावाला पाठवतात.

मुलींची वाट

मुलींच्या बाबतीत प्रेक्षकांचा आणि मंडळांचा जिव्हाळा दुपटीनं लागतो. २०१२ मध्ये पाटण्यात झालेला महिलांचा पहिला विश्वचषक भारतानं जिंकला, तेव्हा त्या संघात महाराष्ट्राच्या सुवर्णा बारटक्के, दीपिका जोसेफ आणि अभिलाषा म्हात्रे होत्या. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी भारतीय महिलांनी चायनीज तैपेईला २६–२५ असं एका गुणानं हरवून आशियाई सुवर्ण जिंकलं, आणि ते त्या स्पर्धेतलं देशाचं शंभरावं पदक ठरलं. एवढं असूनही मुलींसाठी लीगची पायरी पक्की झालेली नाही. २०१६ मध्ये प्रो कबड्डीसोबत तीन संघांची महिला स्पर्धा झाली, तिचा अंतिम सामना २४–२३ असा रंगला, पण ती पुढच्या हंगामात चालली नाही. म्हणून जिल्ह्यातल्या मुलीला तिच्यासमोर ठेवण्यासारखं उदाहरण दूरदर्शनवर रोज दिसत नाही. तिला शाळा, शिक्षक आणि मैदानाबाहेर उभे असलेले गावकरीच धीर देऊ शकतात. मुलींचा सामना दुपारच्या उन्हात लावून मुलांचा संध्याकाळी प्रकाशझोतात लावायची रीत अनेक ठिकाणी आहे. ती बदलणं पूर्णपणे आयोजकांच्या हातात आहे.

एक वही

प्रेक्षकानं करण्यासारखं सर्वांत मोलाचं काम म्हणजे नोंद. वही घ्या आणि एका सामन्यात एकाच मुलाला बघा. त्याच्या प्रत्येक चढाईपुढे लिहा: रिकामी, हात टिपून गुण, बोनस, की पकडला गेला, आणि ती तिसरी चढाई होती का. बचावपटू असेल तर झडप किती, यशस्वी किती, कोणत्या बाजूच्या पायावर. त्याच्या संघाचे मैदानात तीन किंवा त्याहून कमी गडी असताना केलेली पकड, म्हणजे अव्वल पकड, वेगळी मांडा. तिला एक जादा गुण मिळतो आणि दडपणाखाली डोकं ठिकाणावर ठेवणारा गडी तिच्यावरून ओळखू येतो. पुढच्या वर्षी त्याच मुलाचा सामना पुन्हा असाच लिहा. दोन पानं शेजारी ठेवली की तो कुठे वाढला आणि कुठे अडला हे दिसतं. ते पान त्याला आणि त्याच्या प्रशिक्षकाला द्या. मोठ्या संघांकडे हे काम करायला पगारी माणसं असतात. जिल्ह्याच्या मुलाकडे असं कुणी नसतं.

१५ जुलै हा शंकरराव तथा बुवा साळवी यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळतात. बुवांनी हा खेळ राज्यभर फिरून, संघटना बांधून उभा केला. त्या दिवशी सत्कार होतात, भाषणं होतात. हिंगोलीत त्याला जोडून मागच्या वर्षीच्या किशोर आणि कुमार संघातली मुलं आज कुठे आहेत, किती खेळत आहेत, किती थांबली आणि का थांबली, याचा हिशेब जाहीरपणे मांडला तर त्या दिवसाला अर्थ येईल. प्रो कबड्डीतला पुढचा चढाईपटू हिंगोलीतून जाईल की नाही हे कुणी सांगू नये. पण या वर्षीच्या बारा मुलांना नावानं ओळखणारे, हरल्यावरही पुढच्या सामन्याला येणारे आणि मॅटसाठी आग्रह धरणारे पन्नास लोक जिल्ह्यात असले, तर तेरावा मुलगा सराव सोडणार नाही. जिल्ह्याचा संघ उभा राहायला याच पन्नास लोकांपासून सुरुवात होते.